शिंपीणबाईंचा सुपरहिरो

जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवणाऱ्या बाईनं एखादं स्वप्न स्वतःच्या मापाचं बेतलं, की ते उसवायला दहा हात पुढे येतात. शिंपीणबाईंचं स्वप्न चित्रकथेचं होतं. बुडत्यांना वर काढणारा, उडणारा सुपरहिरो त्यांच्या मनात केव्हाचा तयार होता. मुलांच्या मासिकाच्या संपादकांना गोष्ट आवडली. चित्र पाहून मात्र त्यांनी चष्मा काढला.

"बाई, हा उडत नाहीये. दोरीवर वाळत घातलाय. उद्या संध्याकाळी अंक छपाईला जातो. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर गोष्ट तुमची, चित्रं दुसऱ्याची."

दुसऱ्याची! काळजात सुई मोडल्यासारखं झालं. पण बाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. सकाळी दुकानाचं दार अर्धं ओढून त्यांनी कागद पसरला. शेजारी काजं करत बसलेल्या नणंदेनं मान लांब करून पाहिलं.

"वहिनी, ह्याचं खाणं जरा कमी करा. उडेल कसा? चार माणसं लागतील उचलायला."

"गप्प बसा हो, वन्सं!" म्हणता म्हणता बाईंची नजर रेघेवर थबकली. "अगंबाई! मी ह्याला चहूबाजूंनी माया सोडलीय!"

शिवणीसाठी कडेला जादा कापड राखतात, त्याला माया म्हणतात. कापडाला ती लागतेच. बाईंच्या हातानं सवयीनं ती माणसाच्या अंगालाही दिली होती. शिवाय आधी पोशाख काढून मग त्यात माणूस कोंबला होता.

"आधी ह्याचे कपडे उतरवते," बाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, लाज!"

नवा कागद आला. टाचेपासून वर उगारलेल्या मुठीपर्यंत एकच वाकडी रेघ, ताणलेल्या धनुष्यासारखी. तिच्यावर डोक्याचं अंडं. छातीचा रुंद चौकोन, कमरेचा अरुंद. खांदे, कोपरं, गुडघे म्हणजे बटणांएवढे गोल. मग नणंदेला स्टुलावर चढवलं. एक हात आभाळाकडे, एक गुडघा दुमडलेला.

"लवकर आवरा. सुपरहिरोच्या पायाला मुंग्या आल्यात!"

"आल्या तर येऊ देत. हलायचं नाही."

गोलांना जोडत दंड भरले, पोटऱ्या भरल्या. मूठ बिघडली. खोडली, पुन्हा बिघडली, कागद फाटला. बाईंनी दुसरा घेतला आणि परत पहिल्या रेघेपासून सुरुवात केली. अंग उभं राहिल्यावरच त्यावर पोशाख चढला, कातडीसारखा घट्ट. पाठीमागे वाऱ्यानं फुगलेला शेला. खाली पाण्यात बुडणारा माणूस. शेवटी शाई.

संध्याकाळी संपादकांनी चित्र आधी डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून धरलं.

"उडाला की हो," ते अखेर म्हणाले. "फक्त डोळे चुकलेत. हा समोर बघतोय. बुडणारा खाली आहे. आमचा चित्रकार करील दुरुस्त."

बाईंनी कागदावर पंजा ठेवला. "ह्याला दुसऱ्याचा हात लागणार नाही. चूक माझी, सुधारणार मी. इथंच."

संपादकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरचा पसारा बाजूला सारून खोडायचा पांढरा रंग आणि शाईची बाटली पुढं सरकवली. तेवढ्यात छपाईवाला दारात आला. "साहेब, पान द्या. यंत्र थांबलंय."

संपादकांनी बाईंकडे बोट दाखवलं.

"बसा थोडं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "एक डोळा झालाय."