पेपर वाचता येईल इतका उजेड

सहावीनंतर माझी शाळा सुटली आणि लग्नानंतर कोकण सुटलं. ह्यांना भडगावजवळ कापसाच्या जिनिंगमध्ये काम होतं. दुसऱ्याच हंगामात ह्यांचा उजवा हात मशिनीत गेला. हात वाचला, पण बोटं वळेनात. गावी परतावं, तर दिरांनी आधीच कळवलेलं, की इथे दोघांना जागा नाही.

तेव्हा आमच्या घरमालकीण अक्कांनी केळी पिकवायची जुनी खोली मला दिली. म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत वापर. मग माझा दीर तिथे बारदान ठेवणार आहे." जळगावला अळंबी लावायचं चार दिवसांचं शिक्षण होतं, तिथेही त्यांनीच धाडलं. चौथ्या दिवशी ह्यांना ताप चढला, मी गेले नाही. पिशव्या भरता येत होत्या, वाटलं एवढं पुरे.

भुसा उकळला, बी पेरत पिशव्या भरल्या, टांगल्या. अक्कांकडे कामाला असलेल्या म्हाताऱ्या नानांनी जन्मभर केळी पिकवलेली. ते आले आणि धुरी देण्याआधी करतात तशी भिंतीची फट न् फट, खिडकीसुद्धा, शेणमातीनं लिंपून गेले.

"उजेड लागना की माल वाया जास, माय."

मलाही ते पटलं. अळंबी मातीखालची, तिला अंधारच हवा.

भुशावर पांढरं जाळं छान धरलं. पिशव्या कापल्या, पाणी शिंपडत राहिले. मग कोंब आले ते भलतेच. नुसते लांबलचक पांढरे देठ, छत्री एकालाही नाही. नानांनी चिमणी वर धरून पाहिलं.

"ह्या ते शेवाया शेतस. दूध-गूळ टाक नि खा."

संक्रांतीला बारा दिवस उरले होते, आणि माल निघाला नाही तर घराचं भाडं भरायलाही पैसे नव्हते. रोग पडला असं धरून मी एकेक पिशवी खड्ड्याकडे न्यायला लागले. दाराजवळची काढताना हात थांबला. तिथल्या भिंतीचं लिंपण बोराएवढं गळालं होतं. त्या पिशवीतले सगळे देठ भोकाकडे मान वळवून होते आणि त्यांच्या टोकांना छत्र्या होत्या. वाकड्या, नखाएवढ्या, पण छत्र्याच.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी मांडीवर घेऊन एस्टीनं जळगाव गाठलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "चौथ्या दिवशी तू नव्हतीस ना? तेच सांगितलं होतं. जाळं अंधारात वाढतं. पण छत्री उघडायची तर आपण बाहेर आलो हे त्याला कळायला हवं. ते उजेडावरून कळतं."

"डोळे नसताना?"

"डोळे नसताना. ऊन नको हं. पेपर वाचता येईल इतका उजेड दे."

परत आले ते रडवेली होऊन. बाईंचं म्हणणं नानांना सांगितलं. त्यांनी पहार आणली आणि स्वतःच घातलेलं लिंपण स्वतःच पाडलं. खिडकीला गोणपाट लावलं. मी शेवाया कापून टाकल्या. मग त्यांनी रद्दीतला पेपर माझ्या हातात दिला.

"वाची दाखाड."

मी अक्षर अक्षर लावत एक ओळ वाचली. ते म्हणाले, "उजेड कमी शे का शाळा कमी शे?"

"दोन्ही, नाना."

त्यांनी गोणपाट वीतभर सरकवलं.

त्यानंतर रोज पाणी मारायचं, तीच बातमी वाचायची आणि पिशव्या बघायच्या. चार दिवस गेले, सहा गेले, काही नाही. गावी निघायचं म्हणून हे डाव्या हातानं भांडी पोत्यात भरायला लागले. मी अडवलं नाही. कोकणात वारुळाजवळ आई अळंबी काढायची, तेव्हा ती वर कशी येते हे कधी विचारलंच नव्हतं. आता तिकडे परत जायचं होतं, तेही कुणाला नको असताना.

भोगीच्या सकाळी किल्ली परत द्यायची म्हणून अक्कांना बोलावलं. दार उघडलं तर पिशव्यांच्या खिडकीकडच्या अंगाला तिळाएवढे दाणे उठलेले. काहींना करडं टोक आलं होतं.  मी किल्ली पुढे केली.

अक्का वाकून बघत राहिल्या. "किती दिवस लागतील?"

"तोडायला पाच-सहा."

त्यांनी किल्लीला हात लावला नाही. पदर खोचला आणि दिराच्या घराकडे चालू लागल्या. तिथे त्या काय बोलल्या ते मला अजून माहीत नाही. बारदान मात्र आलं नाही.