अजून किती राहिलं

माझं पहिलं मत काही फारसं चांगलं नव्हतं. पुण्यात नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीने पुस्तकं वाचायचं ते यंत्र पाठवलं होतं. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मनात आलं, एवढी शिकली पोरगी, आणि बाईंना पाटी पाठवते. काळं, पातळ, हातात धरलं तर आहे की नाही कळू नये इतकं हलकं. पुस्तक म्हणावं तर पान नाही, फोन म्हणावं तर वाजत नाही.

अम्माने ते माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं केलं, नाकाजवळ नेलं. "वास न्हाय की याला," ती म्हणाली आणि परत दिलं. मग तेलुगूत म्हणाली, पलका. म्हणजे पाटीच. आम्हा मायलेकींचं निदान एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू बोलतो. पण पुस्तकाबद्दल बोलायचं असलं की अम्मा मराठीत बोलते. पुस्तक मराठी, तर त्याच्याशी मराठीतच बोलावं, असं तिचं म्हणणं. तिला वाचता येत नाही. तिच्या आयुष्यात आलेलं प्रत्येक पुस्तक माझ्या तोंडून आलेलं आहे, आणि ते कसं सुरू झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

मी तिसरीत असताना नायना, म्हणजे माझे वडील, भिवंडीला मागावर कामाला गेले. सुरुवातीला पत्रं आली, मग थांबली. ओळखीतलं कोणी तिकडे गेलं की चौकशी करायचं. कारखाना बदलला म्हणत, मालक बदलला म्हणत, माणसाचं कोणी काही सांगत नसे. अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात ओल्या पानांचा ढीग, शेजारी जर्दा, आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी भिंतीला टेकून तेच काम करत बसलेल्या. हात चालू, तोंडं बंद. त्या गप्प दुपारींना घाबरून मी एक दिवस शाळेतलं गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायला लागले. कोणी थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी अम्माच म्हणाली, "काल कुटं थांबलतो आपण?"

त्यानंतर वाचनालयातली किती पुस्तकं त्या ओसरीवर वाचली, देव जाणे. परत करताना वाचनालयातले काका पुस्तक नाकाशी धरून म्हणायचे, तुमच्या घरी पुस्तकंसुद्धा विडी ओढतात का गं?

अम्माची एक पद्धत होती. वाचताना ती माझ्याकडे बघायचीच नाही, पुस्तकाच्या कडेकडे बघायची. उजव्या हाताखाली किती पानं उरली त्यावर तिची नजर. "अजून किती राहिलं?" असं विचारायची, पण उत्तर तिला आधीच दिसलेलं असायचं. उरलेली पानं भाकरीइतकी पातळ झाली की ती सुपातली पानं खालीवर करत म्हणायची, "बास. हितंच राहू दे." आणि शेवट वाचू द्यायची नाही. पुढचे दोन दिवस त्या बायका आपापले शेवट लावायच्या. एकीच्या शेवटी लग्न व्हायचं, दुसरीच्या शेवटी सासू सुधारायची. अम्मा काहीच लावायची नाही. तिचं पुस्तक तसंच उघडं राहायचं. खरे शेवट मी एकटी वाचायचे, वाचनालयाच्या पायरीवर, पुस्तक परत देण्याआधी. ते मी तिला कधी सांगितले नाहीत आणि तिने कधी विचारले नाहीत. का, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

आमच्यात श्रावण पौर्णिमेला पुरुष नवं जानवं घालतात. घरात पुरुष नाही, तरी दर वर्षी मी देवळाजवळच्या दुकानातून एक जानवं आणायचे. अम्मा ते नायनांच्या नावाने हळदकुंकू लावून देवापाशी ठेवायची. आले की घालतील. गेल्या वर्षीचं काढून तळ्यात सोडायचं, नवं ठेवायचं. शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवलं, आणि घरी येताना जानवं आणलं. दोन्ही केलं.

आता अम्माचे हात विड्या वळत नाहीत. पण बोटांना सवय, म्हणून ती कापसाच्या वाती वळते आणि देवळात देते. मी निवृत्त झाले, तेव्हा वाटलं, आता रोज दुपारी वाचू. तर डोळ्यांनीच दगा दिला. पडद्याला सूज आहे, डॉक्टर म्हणाले. छापलेली ओळ मधोमध विरघळायला लागली. भिंग घेतलं, दिवा घेतला, शेवटी पुस्तकच बाजूला ठेवलं. दुपारी आम्ही दोघी समोरासमोर बसून पंख्याकडे बघायचो. तिला म्हातारपणी द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आम्ही फार बोलणाऱ्या मायलेकी नाही. आमच्यात जे काही होतं ते पुस्तकामधूनच जायचं यायचं, आणि तेच बंद पडलं होतं. म्हणून, पाटी तर पाटी, पण मी ती उघडली.

काय सांगू. अक्षर मोठं करता येतं, हे मला कोणी सांगून पटलं नसतं. मोठं, अजून मोठं, इतकं मोठं की पानावर जेमतेम वीसबावीस शब्द. जणू पंगतीत प्रत्येकाला हातपाय पसरून बसायला चटई मिळाली. आणि पान पांढरं नाही. पहाटे गच्चीवर गेलं की सूर्याच्या आधी एक राखाडी उजेड असतो, तसलं. त्या उजेडात अक्षरं स्वस्थ उभी होती, एकही विरघळत नव्हतं. पहिली ओळ मी मोठ्याने वाचली आणि माझाच आवाज मला कितीतरी दिवसांनी भेटला. रडू आलं, ते अम्माला दिसलं, तिने वातीकडे बघितलं.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. भिंतीपलीकडे यंत्रमाग खडखडत असतात. त्या आवाजाचं आम्हाला काही वाटत नाही, बंद पडले तर मात्र झोप मोडते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. खिडकीला ओली चादर लावलेली, तिच्यातून येणारी हवा जरा गार. मी बोट लावते, पान जातं, दुसरं येतं. जातं कुठे? आणि बोट लावेपर्यंत पुढचं असतं कुठे? वाचता वाचता मला गुंगी यायची आणि वाटायचं, पुढचं पान नाहीच, मी मागितलं म्हणून ते तयार होतंय, आतून कोणीतरी विणून देतंय. डोळा लागायचा. जाग यायची तर यंत्रही माझ्याबरोबर झोपलेलं असायचं, आणि अम्मा वात वळत तशीच वाट बघत असायची. उठवायची नाही.

अडचण एकच होती. कडेला बघायचं तर कडच नाही. पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच जाडीचं. अम्मा दोनतीनदा यंत्राच्या बाजूने डोकावली, बोटाने कड चाचपली. "कसं कळायचं गं, किती राहिलं ते?" मी म्हटलं, खाली कोपऱ्यात लिहून येतं, मी सांगत जाईन. तिने माझ्यावर भरवसा ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने डोळे मिटून गोष्ट ऐकली.

धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातल्या एका शिंप्याची गोष्ट होती. गाव उठलं, शिंपी मशीन घेऊन नव्या वसाहतीत आला, आणि जुन्या गावातल्या माणसांची मापं तोंडपाठ असल्यामुळे तिथे नसलेल्यांचेही कपडे शिवू लागला. अम्माला तो फार आवडला होता. "लई गुणाचा हाय," ती म्हणायची, जसं एखाद्या जावयाबद्दल म्हणावं. त्या दिवशी तिने विचारलं, "अजून किती राहिलं?" मी कोपऱ्यात बघितलं. "पुष्कळ आहे. पाचवा हिस्सा तरी." ती निवांत टेकली. मी वाचत गेले. शिंप्याने सुईत दोरा ओवला, कापड सारलं, मशीनवर डोकं टेकलं. चाक थोडं फिरलं आणि थांबलं. सुई कापडात तशीच राहिली.

मी बोट लावलं. पुढच्या पानावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची नावं होती. त्याच्यापुढेही तीच. राहिलेला पाचवा हिस्सा सगळा जाहिरातींचा होता.

"मग?" अम्माने डोळे उघडले.

"संपलं, अम्मा."

"तू म्हणलीस, पुष्कळ हाय."

"मलाही तसंच वाटलं."

तिने वातींची परडी उचलली आणि आत गेली. मी यंत्राला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. पण यंत्राला काय, ते शांतपणे झोपलं.

पुढचे काही दिवस दुपारी अम्मा शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसू लागली. मी बोलावलं नाही. काय तोंडाने बोलावणार? तिने जन्मभर जे उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते मी हाताला धरून घरात आणलं होतं. आता ती कधीच ऐकणार नाही, असं मी धरून चालले. एकटीने वाचायचा प्रयत्न केला. पानामागून पान जायचं आणि मला काही आठवायचं नाही. ऐकणारं कोणी नसेल तर मला वाचता येत नाही, हे या वयात कळलं.

मग एका दुपारी ती परडी घेऊन आली, आपल्या जागी बसली आणि कापूस पिंजू लागली. पिंजता पिंजता म्हणाली, "त्या शिंप्याला ठावं होतं का, संपत आलंय म्हणून?"

"नाही."

"आन् वाचणाऱ्याला?"

"मलाही नव्हतं, अम्मा. खरंच."

"व्हय. तुझ्या तोंडावरनं दिसलं की." ती वात वळत राहिली. वात नेहमीपेक्षा लांब झाली तरी वळत राहिली. "तुझ्या नायनांचं बी तसंच झालं असंल. कवाच. आन् आपण म्हणत बसलो, अजून हाय, अजून हाय."

भिंतीपलीकडे माग चालू होते. तिचा चेहरा रडका नव्हता. दमलेला होता, लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा. मला तिच्या पायाशी जाऊन बसावंसं वाटलं आणि मी बसले. तिने माझ्या केसांतला कापूस काढला.

श्रावण आला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी पिशवी घेतली, चपला घातल्या. अम्मा देवापाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "कापूस आण. जानवं नको."

कुंकू तिने पुसलं नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी गेलो, गेल्या वर्षीचं जानवं तिने स्वतः पाण्यात सोडलं, आणि ते भिजून दिसेनासं होईपर्यंत उभी राहिली. परत येताना रिक्षात तिने माझा हात धरला होता.

दुपारी खिडकीला ओली चादर लावली. तिने परडी पुढ्यात ओढली. "लाव तुझी पलका," ती म्हणाली. मी नवीन पुस्तक उघडलं आणि वाचू लागले. किती राहिलं, ते तिने विचारलं नाही.