एका टिंबाचं ताट

यवतमाळला जायचं ठरलं ते एका पत्रामुळे. शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव उन्हाळ्यातच यादीत होतं, पण खाली. दिवाळी झाली आणि पत्र आलं, की एक जागा मधूनच रिकामी झाली आहे, आठ दिवसांत हजर व्हावं. वसतिगृह भरलेलं असल्याने राहण्याजेवणाची सोय ज्याने त्याने करावी. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून पत्र मीच वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

बाबा म्हणाले, "राहाचं होईन. जेवाचं काय करतं?"

राहायला मावशीच्या नणंदेचं घर होतं, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनामागच्या वस्तीत. पण ती नवराबायको पहाटेच कामावर जात आणि चूल एकदाच पेटे. तेव्हा बाबांनी अट घातली. मावशीला घेऊन जायचं आणि दोन दिवसांत खानावळ पक्की करायची. झाली तर शिकायचं, नाही तर जागा पुढच्या मुलीची. उपाशीपोटी शिकलेलं त्यांना नको होतं.

निघताना आईने बाजूला घेतलं. "कोणी विचारलं तं सांगजो. नाही विचारलं तं काहून सांगतं?"

धम्माची दीक्षा घेतल्यापासून बाबा म्हणत, आता लपवायचं काही नाही. न सांगणं म्हणजे लपवणं का, हा प्रश्न मी दारव्ह्यापासून डोक्यात घेऊन निघाले. आमच्या बाजूच्या ज्या मुली पुढे यवतमाळला शिकायला जातील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दारव्ह्याहून छोट्या रुळांच्या आगगाडीने जावं. मोटार लवकर पोचवते, पण धूळ फार आणि बायकांना जागा मिळेलच असं नाही. गाडी इतकी सावकाश चालते की एक म्हातारा चढावर खाली उतरला, आरामात बिडी पेटवून पुन्हा चढला. मावशी त्याला म्हणाली, "बुढेबुवा, पुढं जाऊन सांगा तिकडं, आम्ही येऊन राह्यलो म्हणून." सगळा डबा हसला. बरोबर भाकरी घ्याव्यात. वाटेत चहाशिवाय काही मिळत नाही.

यवतमाळ मला पहिल्यांदा दिसलं ते पांढरं. जिनं सुरू झाली होती. कापसाचे तंतू तारांवर, कौलांवर, झाडांवर बसलेले, आणि सगळ्या गावाखालून एकसारखी घरघर येत होती. थोड्या वेळाने ती ऐकू येईनाशी होते. मग एखादं जिन थांबलं की त्या शांततेनेच दचकायला होतं.

पहिलं हॉटेल मोटारस्टँडजवळचं. बायकांसाठी पडद्याआड दोन बाकं आहेत. आलूबोंडा उत्तम, वरून कुरकुरीत आणि आत हिरव्या मिरचीचा झणका. मालक स्वतःच चहा घेऊन आला. माझ्या हातातल्या पत्राकडे बघून म्हणाला, "ट्रेनिंगवाल्या बाई न? परत आल्या?"

मी म्हणाले, "मी पहिल्यांदाच आले."

तो थोडा वेळ बघत राहिला आणि गेला. चहा संपत आला तेव्हा मला दिसलं की माझ्या ग्लासाच्या बुडाशी लाल रंगाचं टिंब आहे. मावशीच्याही. पडदा जरासा सारून पाहिलं, तर बाकी कोणाच्या ग्लासाला नव्हतं. आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं. आम्ही काही सांगितलं नव्हतं.

मावशी म्हणाली, "गोड हाय न? मंग पी. बुडाकडं कायले पाह्यतं?"

दुसरी खानावळ कापूस बाजाराच्या गल्लीत. फोडणीच्या वासावर आम्ही तिथवर गेलो, तेव्हा तो वास खोटा नसणार. पण आत पाऊल टाकण्याआधीच दारातल्या बाईने मला ओळखलं. मला, जिने ते दार आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"तुमचं ते झालं न मांगं," ती हळूच म्हणाली. "आता कायले आल्या?"

"ती मी नाही," मी म्हणाले. तोवर दाराची एक फळी लागली होती. दुसऱ्या फळीतून ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, भीतीने. ती भीती मला रागापेक्षा वाईट वाटली.

परतताना एका दुकानातल्या आरशात मी स्वतःला पाहून घेतलं. मीच होते. केसांवर कापूस बसला होता आणि त्यामुळे मी कोणी मोठी बाई दिसत होते.

मावशीच्या नणंदेला विचारलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "एक पोरगी व्हती ट्रेनिंगची. आपल्यातलीच. तिनं सांगतलं नव्हतं कुठंच. मंग जेवता जेवता कोणीतरी विचारलं, तं अर्ध्या ताटावरून उठून गेली. या साऱ्या खानावळीत तिचीच गोष्ट चालते. अशीच बारीक, अशीच दोन वेण्यांची."

"कुठे गेली?"

"कोणाले माहीत बाई. ट्रेनिंगात बी गेली नाही मंग."

तेव्हा मला कळलं की मधूनच रिकामी झालेली जागा कोणाची. मी तिच्या बाकावर बसायला आले होते. गावाने मला तिच्या जागी आधीच बसवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीला म्हणाले, घरी जाऊ. मावशीने लुगड्याचा पदर खोचला. "नणंदेनं सांगतलेली एक राह्यली न? ती पाहू. बाबानं दोन दिवस सांगतले, दीड नाही."

तिसरी खानावळ जुन्या वस्तीत, कडुनिंबाखाली. पाटी नाही, विचारत जावं लागतं. चालवणाऱ्या विधवा बाईंना सगळे काकू म्हणतात. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे, दोन वेळचं जेवण, रविवारी गोड. आत पंगत बसली होती, सहासात पुरुष, बहुतेक कारकून. भिंतीकडचा एक पाट रिकामा होता आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याच्यापासून अंग चोरून बसले होते. फळीवर ताटं उभी लावलेली. एकच ताट पालथं.

मी दारात आले आणि बोलणं थांबलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पालथं ताट काढलं, पदराने पुसलं आणि त्या रिकाम्या पाटापुढे ठेवलं.

"बस," त्या म्हणाल्या.

मावशी ओसरीवर थांबली. ज्वारीची भाकर, वांग्याची रस्सेदार भाजी, अंबाडी, कच्चं तेल घातलेला ठेचा. सांगायला हवं की एवढी चांगली अंबाडी मी घराबाहेर कुठे खाल्ली नाही. मी तिसरा घास घेतला, भाजी सरकली आणि ताटाच्या काठाशी मला टिंब दिसलं. ठोकलेलं, एकच.

मी उठले.

कोणी हललं नाही. सगळ्यांची नजर माझ्या अर्ध्या भाकरीवर होती. हे त्यांनी आधी पाहिलं होतं, तसंच, त्याच पाटावरून. एकाने हातातला घास ताटात ठेवला. मलाही क्षणभर वाटलं की मी हे पूर्वी केलं आहे, आणि आता फक्त दाराबाहेर जायचं बाकी आहे.

"तू बी?" काकू म्हणाल्या.

मी म्हणाले, "काकू, आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. आणि खुणेच्या ताटात मी जेवणार नाही."

"कोणची खूण?" काकू वाकल्या. त्यांनी बोटाने काठ चाचपला. "हे व्हय? हे तं तिच्या नावाचं हाय."

मी पुन्हा काठाकडे पाहिलं.

"तिचं सोताचं ताट हाय हे. मीच म्हणलं, मेंबरांची ताटं अदलाबदल होतात, कासाराकडून नाव घालून आण. गेली. त्यानं पयलं टिंब ठोकलं आन पूर्ण नाव विचारलं. तं ही म्हणे, राहू द्या. तसंच घेऊन आली." काकू पाटापाशी खाली बसल्या. "तेव्हाच मले समजलं व्हतं, आडनाव काहून सांगत नाही ते. मी विचारलं नाही, तिनं सांगतलं नाही. मले वाटलं हेच बरं हाय. मंग ज्या दिवशी यानं विचारलं, त्या दिवशी बी मी गप्पच बसली."

"यानं" म्हणजे कोपऱ्यातला चष्मेवाला. तो उठला, हात धुतले. "काकू, उद्यापासून माझं ताट वाढू नका."

"नाही वाढत," काकू म्हणाल्या. खानावळीवरच त्यांचं घर चाले.

त्याच्यामागे आणखी एक जण उठला. तिसरा, पिकल्या मिशांचा, अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. "काकू, रस्सा द्या इकडं. दोन मेंबर कमी झाले, तं वांगे तरी जास्त येऊ द्या." कोणी हसलं नाही, पण जेवणाचे आवाज सुरू झाले.

काकू दुसरं ताट आणायला उठत होत्या. मी नको म्हणाले. त्याच ताटात, त्याच अर्ध्या भाकरीपासून मी पुढे जेवले. सगळं संपवलं. मला आजही नक्की सांगता येत नाही की त्या वेळी माझ्या शेजारी कोणी नव्हतं.

निघताना काकूंनी ते ताट धुतलं आणि फळीवर ठेवलं. या वेळी उभं. "तिचं हाय. आली तं लागीन," त्या म्हणाल्या. "तू आपलं आणजो."

गाडीत मावशीने भाकरीचं फडकं सोडलं. मग म्हणाली, "हॉटेलातला तो ग्लास मी फोडाले पायजे व्हता."

बाबांना खानावळ सापडली एवढं सांगितलं, मग बाकीचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईनेच डब्यामागचं नवं ताट काढून दिलं आणि माझ्याबरोबर कासाराच्या दुकानात आली.

यवतमाळातून मी काय आणलं असं कोणी विचारलं तर अंबाडीची चव आणि ती घरघर. कानावर हात ठेवले तरी ती येते. माझ्या आधी त्या बाकावर बसलेल्या मुलीचं नाव मला कळलं नाही. काकूंनाही तिने पहिलं नावच सांगितलं होतं आणि ते खरं होतं की नाही, त्यांना ठाऊक नाही.

कासाराने ताट मांडीवर घेतलं, छिन्नी काठाला लावली आणि हातोडी मारली. पहिलं टिंब पडलं. त्याने वर पाहिलं.

"पूर्ण नाव?"

आईने माझा हात धरला. मी माझं नाव सांगितलं, मग बाबांचं, मग आडनाव, सावकाश, त्याचा हात मागे पडू नये म्हणून.