डॉक्टर बघायला गेलतो

हसायचं तर पोटभर हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. ह्या भानगडीत अब्रू गेली ती माझी एकट्याचीच!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि आईनं हट्ट धरला, आता दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. दम तर असा लागायचा की रात्रभर भिंतीला टेकून बसायची. तरी ओढून नेऊन तीन डॉक्टर केले, तिन्ही नापसंत! एकजण म्हणे तोंड न बघताच लिहायला लागतो, दुसऱ्याचे हातच गार. मला भीती वाटायची हो. खरंच वाटायची.

मग कळलं, पलीकडच्या पेठेत एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत, घरातच दवाखाना. म्हटलं, ह्या वेळी आधी आपण पारख करायची, मगच आईला न्यायचं. मी पेठ वडगावला मास्तर, मार्क द्यायची खोड जुनीच! शनिवारी शाळा सुटली, कोल्हापुरात एसटीतनं उतरलो तो थेट तिथंच.

पेशंट एकही नाही. बाहेरच्या खोलीत बाईंचे वडील, कडक इस्त्रीची टोपी घालून बसलेले.

"कुठनं आलासा?"

"वडगावास्नं."

"या की पावणं! आमी वाटच बघालोय!"

आता कोल्हापुरात वाट चुकलेल्या माणसालाही पावणं म्हणतात. मला शंका कशी यावी?

मी तपासणी सुरू केली. "बाई स्वभावानं कशा? म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेतील न्हवं?"

"पोरगी उलटून बोलायची न्हाय, माझा शब्द!"

"आमची आई जरा तिखट हाय. पसंती तिचीच. तीन ठिकाणं नापसंत केल्यात तिनं."

वडिलांचा चेहरा उतरला. तेवढ्यात खुद्द डॉक्टरीणबाई पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या. डोक्यावर पदर, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच राहिलेला. पेशंटच्या माणसाला पोहे! असली सेवा बघितलीय कुठं? मी मनात शंभरपैकी शंभर दिले आणि दुसरी बशी मागितली.

"फोटो आणलाय न्हवं?" वडिलांनी विचारलं.

"आणलाय की!" मी पिशवीतनं आईच्या छातीचा फोटो काढून हातात दिला. एक्स-रे हो! आपण फोटोच म्हणतो ना त्याला?

त्यांनी तो उजेडाला धरला. सरळ केला, उलटा केला. घाम पुसला.

"पावणं... पोरगं लईच हडकलंय की हो!"

"कसलं पोरगं? आई हाय ती माझी!"

आणि नेमके त्याच वेळी वडगावचे खरे पाहुणे दारात! मुलगी बघायला आलेले. इकडं पोहे माझ्या पोटात. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं, पण छे!

डॉक्टरीणबाई मात्र कुणाकडंच बघत नव्हत्या. पदर कधीच खांद्यावर आलेला, नजर एक्स-रेवर.

"ह्यांना आडवं झोपवत नाही ना?"

"न्हाय."

"मग आत्ताच घेऊन या. बाबा, पाहुण्यांना चहा द्या. बसतील ते जरा."

मी तसाच घरी पळालो. आईला सगळं सांगितलं. ती हसली, हसता हसता तिला दम लागला, डोळे पुसत म्हणाली, "चल. बघू दे तरी पोरगी!" इतके दिवस पाया पडत होतो, ऐकलं नव्हतं!

रिक्षातनं आणली. पाहुणे तसेच बसलेले, माझ्याकडं टकामका बघत. डॉक्टरीणबाईंनी आधी तळहात एकमेकांवर चोळून गरम केले, मग आईचा हात हातात घेतला.

"आजी, हा त्रास कधीपासून होतोय?"

आईनं सगळ्यांदेखत माझ्याकडं बोट दाखवलं.

"ह्यो जन्माला आला तवापासनं!"