चपला काढून चढायची गाडी

लिंबाच्या बागेला लागोपाठ दोन वर्षं भाव मिळाला आणि माझ्या थोरल्या भावाने, दादाने, पुण्याच्या एका बिल्डरकडून त्याची वापरलेली, परदेशी बनावटीची मोठी जीप घेतली. जीप म्हणायची आपली सवय म्हणून. आत मऊ चामड्याची बैठक, थंड हवा आणि समोर चढ-उतार दाखवणारी एक तबकडी. त्या तबकडीला काम पडेल असा चढ काष्टीच्या बाजाराच्या वाटेवर मला तरी कधी दिसला नाही.

गाडीच्या ताकदीला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. ओढ्याला पाणी आलं की एसटी अलीकडेच थांबायची, ही खुशाल पलीकडे जायची. चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली तिने एकदा ओढून बाहेर काढली, तेव्हा ट्रॅक्टरवाला तोंडात बोट घालून बघत राहिला होता. पण शेतकऱ्याच्या घराला तिचा काडीचा उपयोग नव्हता. लिंबाची पोती टाकली तर चामड्याला डाग पडणार, पेंड टाकली तर वास बसणार. आईला नऊवारीत चढता येईना, म्हणून एक पाट कायम मागे ठेवलेला असे. डिझेल किती पिते, हे दादा कुणालाच सांगत नव्हता.

त्याच वर्षी तो ग्रामपंचायतीला उभा राहिला. आमच्या वॉर्डाची जागा कितीतरी वर्षं वडिलांकडे होती. ते गेल्यावर ती दुसऱ्या भावकीकडे गेली, आणि ती परत घरात आणायची हा दादाचा ध्यास होता. मोटरसायकल होती तोवर तो प्रत्येक वस्तीवर थांबायचा, चहा प्यायचा. कुणाची म्हैस व्याली हेही त्याला ठाऊक असायचं. जीप आली आणि काच वर गेली. चालत्या माणसाने राम राम घालायला हात उचलावा, तोवर ही पुढच्या वळणावर. त्याच्या वाट्याला नुसता फुफाटा.

मी प्राथमिक शाळेत मास्तर, त्यामुळे प्रचाराला बंदी. पण घरात बोलायला नव्हती. मी त्याला हे सांगितलं आणि त्याला पटलंही. मग तो मुद्दाम थांबून लोकांना गाडीत घेऊ लागला. तिथेच सगळं बिघडलं.

एका बाजाराच्या दिवशी मी पुढे बसलो होतो. वाटेत वडिलांचे एक जुने सोबती भेटले, आमच्याच वॉर्डातले. दादाने त्यांच्यासाठी दार उघडलं. त्यांनी आत पाहिलं, वाकून चपला काढल्या आणि हातात घेऊन चढले.

"शेनामातीचं पाय हायेत," एवढंच म्हणाले.

अहो, घाला चपला, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? दादाने बैठकीकडे पाहिलं आणि गिअर टाकला. मीही बोललो नाही, हे खरं. काष्टी येईपर्यंत म्हाताऱ्याने पाठ टेकली नाही. ही गोष्ट वस्तीवस्तीवर पोहोचली. पुढे जो तो चपला हातात घेऊनच चढू लागला, आणि नंतर तर गाडी दिसली की लोक बांधाकडे तोंड करून उभे राहू लागले.

मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेतून येताना माझी सायकल पंक्चर झाली. मागून दादा आला आणि थांबला. दार उघडताना माझा हात आपोआप चपलेकडे गेला. सख्ख्या भावाला तरी हा काढू नको म्हणेल, असं मला वाटलं होतं.

"मागं ठिव, पाटावर," तो म्हणाला.

मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मतदानाच्या खोलीत शिरतानाही तो उतरला नव्हता.

दादा पडला, आणि चांगलाच पडला. माझ्या एका मताने काही फरक पडला नसता, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. निकालाच्या संध्याकाळी तो ओसरीवर एकटाच बसला होता. मी शेजारी बसलो. त्याने विचारलं, "तू तरी दिलं का रं मला?"

मी हो म्हणालो. त्याने मान हलवली. त्याला जराही शंका आली नाही. त्यापेक्षा त्याने माझ्या मुस्काटात दिली असती, तर मी सुटलो असतो.