मामींची किळस

मामींना किळस पाली-झुरळांची यायची नाही. माणसांची यायची. फुलचूरच्या समाजभवनात पहाटे बायकांना योग शिकवणाऱ्या या निवृत्त शिक्षिका समोरच्या बाईकडे बघून नाक असं मुरडत, की तिला आपल्याच अंगाचा वास घेऊन बघावासा वाटे. त्यांचं खरं नाव फारसं कुणी घेत नसे. साऱ्या मोहल्ल्याच्या त्या मामी.

मी त्यांच्याकडे गेले ते उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायचं म्हणून. कपड्याच्या दुकानात दिवसभर बिलं करायची, तीही खुर्चीवर एक पाय दुमडून. त्या कुशीवर झोपता येईना, जिना चढताना ठणका लागे. मामींनी मला एका पायावर उभं केलं. माझी कंबर लगेच एकीकडे झुकली.

“छी! धानाचं पोतं बरं, सरळ तरी उभं राहते. एवढी तरणी बाई, का करून घेतलं हे अंगाचं?”

मग पाठीवर झोपवून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला लावला आणि खालची मांडी छातीकडे ओढायला सांगितली. “ताण कुल्ल्यात पाहिजे. गुडघा दुखला का सोडून दे.” आवळलेलं काहीतरी आतून हळूहळू सुटत गेलं. मला ते इतकं आवडलं की घरीही मी तेवढंच करू लागले. मामींना कळलं तेव्हा त्या भडकल्याच. “नुसती ढिली होऊन का चालशील? ताकद कोण आणन, तुझा बाप?” त्या दिवसापासून कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा व्यायाम सुरू झाला. मी मागे कलंडू नये म्हणून त्या माझ्या कमरेवर हात दाबून बसत, आणि झालं की म्हणत, “घाम पूस. दुसरी बाई झोपते त्या चटईवर.”

चटयांपेक्षा भिंती घाण होत्या. संध्याकाळी तिथे पत्ते खेळणारे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन कोपऱ्यांत थुंकत. लाल ओघळ, वर माश्या. मामी रोज येऊन आधी ते धूत. एकदा मला तिथेच उलटी झाली, तर म्हणाल्या, “बरं झालं. किळस येते म्हणजे माणूस आहेस.”

योगदिनाला एक पुढारी आले. सोबत फोटोवाले, मागे पोरांचा घोळका. गालात खर्रा होताच. शवासनातल्या बायकांना ओलांडून ते खिडकीशी गेले, पचकन थुंकले, तोंड पुसलं आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडून बसले. अर्धी पिचकारी आतल्या भिंतीवरून ओघळत होती. मामी उठल्या, बादली आणून त्यांच्यापुढे ठेवली.

“धुवा.”

“अरे मामीजी, मजाक मत करो,” ते हसले.

“मजाक तुम्ही करून राहिले. आधी भिंत, मग तोंड. मगच नमस्कार.”

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी भवनाला नवं कुलूप होतं. ज्या बायका मामींमुळे पुन्हा जिने चढू लागल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणी म्हणाल्या, मामींनी जरा गोड बोलायला हवं होतं. मला त्या बायकांची शिसारी आली, ती अजून गेलेली नाही. उरलेल्या आम्ही मोजक्या मामींच्या अंगणात जाऊ लागलो.

मागच्या हिवाळ्यात नाक्यावर एका मोटरसायकलवाल्याने मामींना उडवलं. खुबा मोडला. ऑपरेशन झालं. पायावर पाय टाकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा रायपूरहून येऊन त्यांना नेणार होता, तोवर आम्ही पाळीपाळीने त्यांच्याजवळ राहिलो.

माझ्या पाळीला बेडपॅन सांडलं. चादर, लुगडं, माझे हात, सगळं भरलं. मामींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पुसत होते, श्वास रोखून.

“तुले किळस येत असन,” त्या तशाच म्हणाल्या.

नाही म्हणावं असं वाटलं. पण मामींशी खोटं कसं बोलणार?

“येते, मामी. खूप येते.”

त्या वळल्या. डोळे भरले होते, तरी हसल्या. “बाकीच्या नाही म्हणतात. मले त्याईचाच राग येते.” मग चांगल्या पायाची टाच गादीत रोवून त्यांनी कंबर किंचित उचलली. “घे, चादर ओढ. पटकन.”

रायपूरला गेल्यावर त्या फार दिवस जगल्या नाहीत. फुफ्फुसात कफ झाला म्हणे. आम्ही पोहोचेपर्यंत नातेवाईक स्मशानातून घरी परतले होते. सून म्हणाली, शेवटपर्यंत कुशीवर वळायचं असलं की सासूबाई कुणाला हात लावू देत नव्हत्या, स्वतःच्या ताकदीनं वळत होत्या.