वैशाखातली अळंबी

मी बी.एस्सी. झालो त्या वर्षी आमच्या घरात एकच बैल उरला होता.

त्याला कारण मीच. जोडीतला दुसरा बैल विकून माझ्या कॉलेजची सोय झाली होती. वाडीत मात्र सरळ म्हणत, “धोंडूचा ढवळा कालेजात गेला.” ढवळ्याच्या पाठोपाठ आईच्या बुगड्या गेल्या, आणि शेवटच्या वर्षी परसातला जुना फणस तोडून त्याच्या फळ्याही गेल्या. पूर्णगडच्या खाडीच्या वरच्या अंगाला आमचं मातीचं घर, वर पेंढ्याचं छप्पर. खोताचा वाटा घातला की भात कसंबसं शिमग्यापर्यंत पुरे. पुढे नाचणी. नाचणी सरत आली की आई पेजेत इतकं पाणी घाली की वाटीत स्वतःचं तोंड दिसे. (मला स्वतःकडे बघत बसायची खोड तिथूनच लागली, असं माझी बहीण शेवंता अजून म्हणते.) पावसाळ्यात घरात दोनच गोष्टी मुबलक: गळती आणि पाहुणे!

अशा घरातून मी बी.एस्सी. झालो, आणि हे मी आजही मान ताठ करून सांगतो. बोटीतून उतरलो तेव्हा वाडीने ढोल वाजवला. नोकरी मात्र काही वाजतगाजत आली नाही. मी बाबांना समजावलं, “बाबा, सगळ्या जगात मंदी आहे.”

“जगाचा मना नको सांगू,” बाबा म्हणाले, “बैलाचा सांग.”

उरलेला बैल, पवळ्या, गोठ्यातून माझ्याकडे टक लावून बघत असे. कॉलेजात आता आपला नंबर, अशी त्याची समजूत झाली असावी.

त्यातच शेवंता गावच्या शाळेतली चौथी पास झाली. पुढची शाळा रत्नागिरीला. तिथे मावशी ठेवून घ्यायला तयार होती. शेवंता तर जेवणाच्या पानावरही बोटाने अक्षरं काढणारी! मी बाबांपुढे विषय काढला. बाबा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“गणू, येवढा शिकलास. तुज्या शिकन्याचा घरात काय उगावला ता दाव. मिरगाच्या आदी दाव. मग पोरीचा बघू.”

दुसरा कोणी असता तर ते बोलण्यापुरतं घेऊन गप्प बसला असता. मी बी.एस्सी.! मी ते शब्दशः घेतलं. उगवूनच दाखवायचं!

पण काय? त्या दिवसांत आमचे शेजारी दाऊदचाचा घरी आले होते. ते बोटीवर खलाशी, त्यांची फेरी रंगूनपर्यंत. तिकडे लोक भाताच्या पेंढ्यावर घरच्या घरी अळंबी पिकवतात, असं ते मागे एकदा सांगून गेले होते, आणि माझ्या आग्रहावरून त्यांनी या खेपेला तिथल्या वाफ्यातला थोडा बुरशी धरलेला पेंढा बिस्किटाच्या डब्यातून आणला होता. तेच बियाणं.

“बाबू, पेंढा भिजव, थर लाव, मधे ह्या पेर, नि झाकून ठेव,” चाचा म्हणाले. “आदी अंड्यांसारखे पांढरे कोंब येतील. मग छत्री उघडंल.”

आमच्याकडे अळंबी म्हणजे श्रावणातली गोष्ट. वारुळाच्या कडेला निघायची, आणि बाबा ती पानात पडली की कोणाशी बोलत नसत. ती मी भर वैशाखात काढून दाखवणार! (माझा विषय रसायनशास्त्र. वनस्पतींशी माझा संबंध फक्त जेवताना येई. पण हे वाडीत कोणाला सांगायची गरज मला तेव्हा वाटली नाही.)

आईचा भात उकडायचा हंडा घेतला, त्यात पेंढा उकळला, आणि गोठ्यालगतच्या खोपीत वाफा रचला. वर झाकायला गोणपाट घातलं. ते आदल्या आठवड्यात काजूची बोंडं भरून आलं होतं, हा तपशील मला क्षुल्लक वाटला. थोड्याच दिवसांत गोणपाट उचलून बघतो तर वाफ्यावर हिरवीगार मखमल!

“उगावला तर खरा,” बाबा वाकून म्हणाले. “पन काय ता?”

मी आईला समजावू लागलो की पेंढ्यात बाहेरची बुरशी शिरली. कॉलेजात त्याला एक भलामोठा इंग्रजी शब्द होता. मराठी शब्द काही केल्या आठवेना. शेवटी जो तोंडात आला तो बोललो.

“आये, ह्याला विटाळ झाला.”

आईचा चेहराच बदलला. “विटाळ? कोनाचा रं?”

“कोणाचाही! हाताचा, पाण्याचा, हवेचा. साधं बोट लागलं तरी होतो.”

“अरे मेल्या, मग आदी सांगायचा नाय? मी बघतंय आता!”

आणि आईने खोपीचा ताबा घेतला. आंघोळीशिवाय आत जायचं नाही. चपला अंगणात. शेजारणीला खोपीकडे बघायचं असेल तर लांबून, आणि तेही बोलायचं नाही. पवळ्यालासुद्धा तोंड फिरवून बांधला, त्याचा श्वास लागू नये म्हणून! तेव्हापासून तो माझ्याकडे बघण्याऐवजी शेपटी दाखवू लागला. मी खूश. प्रयोगशाळेत असली शिस्त आमच्या प्रोफेसरांनाही जमली नव्हती.

दुसरा वाफा रचला. बाबा कुरकुरले, “अरे, छपराचा पेंढा हाय तो! मिरगाआदी घर शाकारायचा हाय. तुजी अळंबी काय डोक्यावर घेऊन बसू?” मी ऐकतो कशाला! आणि एके सकाळी वाफ्याच्या कोपऱ्यात पेंढ्यातून काहीतरी पांढरं, गोल, गुळगुळीत डोकावताना दिसलं. चाचांचे शब्द कानात घुमले: अंड्यांसारखे कोंब!

“उगवलं!” मी अंगणात येऊन ओरडलो. “बाबा! आये! चाचा! उगवलं!”

सगळे आंघोळ करून आले. (आईने कोणालाही सूट दिली नाही. दाऊदचाचांनी विहिरीवर उभ्याउभ्या चार तांबे ओतून घेतले.) मी खाली बसून मोठ्या थाटात भाषण सुरू केलं: हा कोंब, ह्याच्या आत छत्री मिटलेली असते, ती उद्या... बाबांनी हात घालून कोंब उचलला. तो अलगद त्यांच्या हातात आला.

“गणू,” ते म्हणाले, “कोंब गरम हाय.”

तेवढ्यात खोपीच्या मागल्या भोकातून आमची तलंग कोंबडी बाहेर पडली आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडत सुटली. चाचा खांबाला धरून हसत होते. “बाबू, रंगूनला ह्या जातीची नसतात रे!” ते अंडं बाबांनी जेवताना माझ्याच पानात वाढलं. तलंगेने उकरून वाफ्याचा उकिरडा केला होता.

डब्यात मूठभर बियाणं उरलं होतं आणि मिरग जवळ आला होता. शेवंताने आपली पाटी घासून घासून इतकी काळी केली होती की माझ्याने बघवेना. तिसरा वाफा मी जीव ओतून रचला. खोपीचं भोक बुजवलं. आईला पुन्हा पुन्हा बजावलं, “आये, विटाळ नको हां!”

“तू कायपन काळजी नको करू,” आई म्हणाली.

आणि खरंच एके दिवशी पहाटे गोणपाट उचललं तर वाफाभर छत्र्या! एक नाही, दोन नाही, अख्खा वाफा गजबजलेला. नाजूक, करड्या, उंच देठाच्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवंता जवळ येऊन म्हणाली, “दादा, ह्या कुत्र्याच्या छत्र्या नाय वाटत?”

“तुला काय कळतं गो? ही रंगूनची जात आहे!”

बाबांनी बघितलं. लागलीच वाडीत निरोप धाडला: दुपार कलली की सगळ्यांनी या, गणूची अळंबी बघायला. आईने मसाला वाटला. बाबांनी ठेवणीतली बंडी घातली. माणसं जमली. अंगण भरलं. मी बोलायचं पाठ केलं होतं. सर्वांना घेऊन खोपीत गेलो आणि झटक्यात गोणपाट ओढलं.

एकही छत्री शिल्लक नव्हती.

होतं ते काळंकुट्ट पाणी! छत्र्या विरघळून पेंढ्यावरून टिपटिप गळत होत्या. काळे ओघळ पायापर्यंत आले होते. मागचे लोक पुढच्यांना विचारत होते, “काय ता? काय ता?” बाबांनी बोट बुडवलं, उजेडात धरलं, अंगठ्याने चोळलं.

“शाई हाय,” ते म्हणाले.

मग मागून कोणीतरी म्हणालं, “मग काय तर! बीयेस्सीला पेरला तर शाईच उगावनार!” झालं! अंगणात जो हशा पिकला तसं पीक आमच्या शेतात कधी आलं नव्हतं.

मी आईकडे वळलो. “आये, कोणी हात लावला याला?”

“कोनाची छाती हाय?” आई ताठ उभी राहिली. “रोज सकाळी उटून शेनाचा पानी शिंपडत व्हते, वर गोमूत्र. मग विटाळ व्हनारच कसा?”

शेणपाणी! कुत्र्याच्या छत्र्यांना याहून सुग्रास जेवण दुसरं नव्हतं. मी एका शब्दाने घोटाळा केला होता आणि आईने तो शब्द मनोभावे पाळला होता. आता तिला काय सांगू?

माणसं हसत हसत पांगली. बाबा पायरीवर बसले. मी मान खाली घालून म्हणालो, “बाबा, नाही उगवलं काही.”

तेवढ्यात बघतो तर शेवंता पोफळीची विरी, झावळीच्या बुडाचं रुंद साल, मांडीवर घेऊन बसलेली. केरसुणीतला एक हीर तिने त्या काळ्या पाण्यात बुडवला होता आणि विरीच्या पांढऱ्या अंगावर ती सावकाश अक्षरं काढत होती. विरी वाळवून तिने बाबांच्या पुढे धरली.

“काय लिवलास ता?”

“तुमचा नाव. श्री. धोंडू बाबाजी.”

“धोंडू मी. बाबाजी माजा बापूस. नि ह्यो श्री कोन?”

“तो मान असतो, बाबा. मोठ्या माणसाच्या नावाआदी लिवतात.”

बाबांनी विरी हातात घेतली. उलटी धरली होती. शेवंताने ती सुलटी करून दिली.

“खोताच्या कागदावर नुसता धोंड्या असतो,” ते म्हणाले. मग घसा खाकरून आईला हाक मारली. “आयकलास काय गो? शाई तर उगावली. आता लिवनारी पायजे. पोरीचा बोचका बांध.”

ती विरी त्यांनी देवाच्या फळीवर ठेवली. माझी पदवी तिथेच बाजूला पुठ्ठ्याच्या नळकांड्यात होती. त्या दिवसानंतर पाहुणे आले की बाबा आधी विरी दाखवत.

मिरगाआधी घर शाकारलं. पेंढा अर्थातच कमी पडला, तेव्हा बाबांनी माझ्या तिन्ही वाफ्यांचा पेंढा वाळवून गोठ्याच्या छपरावर टाकला. शेवंता रत्नागिरीला गेली. मी नोकरीची वाट बघत बसलो. आणि आषाढात एका सकाळी बाबा गोठ्याच्या छपराकडे तोंड करून उभे. छपरावर अंड्यांसारखे पांढरे कोंब, आणि त्यांतून उघडलेली टपोरी अळंबी! चाचांनी शिडीवर चढून एक हातात घेतली आणि शपथेवर सांगितलं, हीच रंगूनची जात. मी वाफे रचले, झाकले, जपले तोवर ती रुसून बसली होती. मी पाठ फिरवली आणि ती निघाली.

टोपभर कालवण झालं. बाबा जेवताना कोणाशी बोलले नाहीत.

एकंदर मिळकत एवढी: शेवंता शिकून पुढे मास्तरीण झाली, आणि आमच्या घरात अळंबी पिकली. ती पवळ्याच्या डोक्यावर पिकली. त्यामुळे वाडीत आजही सांगतात, धोंडूच्या घरात दोन बैल; एक कालेजात गेला, पन अळंबी पिकवली ती घरी ऱ्हायलेल्या बैलानं! (कालेजात गेलेला म्हणजे ढवळा की मी, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.)